बोट दिसलं की सांगा

"दिसलं," आजोबा म्हणाले.

मी हात थांबवला. माझं बोट अजून मलाच दिसलं नव्हतं, तर यांना कुठून दिसणार?

"आजोबा, अंदाजाने सांगायचं नाही. बोट खरंच दिसलं की मगच सांगायचं."

"अंदाज कसला? हलतंय की तुझं बोट."

"माझ्या नाकाकडे बघा. नजर इकडेतिकडे फिरवू नका."

"मघापासून नाकाकडेच बघतोय. या वयात दुसऱ्यांची नाकं बघायला आणून बसवलंय मला," आजोबा कुरकुरले. मागे उभी असलेली त्यांची सून तोंडावर हात ठेवून हसली.

ही तपासणी अगदी साधी. तिला यंत्र लागत नाही. पेशंटसमोर गुडघ्याला गुडघा लागेल असं बसायचं. त्याने एक डोळा झाकायचा, आपण त्याच्या समोरचा आपला डोळा झाकायचा. दोघांनी एकमेकांकडे बघत राहायचं, आणि आपण आपलं बोट बाजूने, दोघांच्या बरोबर मधून, हलवत हलवत आत आणायचं. पेशंटला दिसलं की तो सांगतो. आपल्यालाही तेव्हाच दिसलं तर त्याची बाजूची नजर ठीक. त्याला उशिरा दिसलं तर कुठेतरी पाणी मुरतंय. मोजपट्टी म्हणजे तपासणाऱ्याचाच डोळा. तो चांगला आहे हे धरूनच चाललेलं असतं. त्याबद्दल कुणी विचारत नाही.

आणि त्या महिन्यात माझे पेशंट फार घाई करत होते. ज्याला त्याला माझं बोट माझ्याआधी दिसत होतं. मी चिमणीला चहा पिताना म्हटलंसुद्धा, "हल्ली लोकांना धीर म्हणून नाही गं. बोट आत यायच्या आधीच दिसलं, दिसलं."

"हो ना काकू," चिमणी म्हणाली आणि तिने कप तोंडाला लावला.

आता ही चिमणी कोण आणि मी काकू कशी, ते सांगते. तिशी ओलांडेपर्यंत मी चष्म्याच्या दुकानात नोकरी केली. फ्रेममध्ये काचा बसवायच्या, स्क्रू आवळायचे, नाकावरचे पॅड बदलायचे. गिऱ्हाईक चष्मा घालून विचारायचं, "नंबर बरोबर आहे का हो?" आणि मी म्हणायचे, "ते तपासणाऱ्यालाच विचारा." हे वाक्य बोलून बोलून माझा जीव विटला. एक दिवस नवऱ्याला म्हटलं, मला तपासणारी व्हायचंय. तो म्हणाला, "मग हो की. मला काय विचारतेस?" लेक नुकती शाळेत जायला लागली होती. मी डोळे तपासायचं शिकवणाऱ्या कॉलेजात नाव घातलं.

वर्गात बाकी सगळी मिसरूड न फुटलेली पोरं आणि नुकत्याच शाळा सोडलेल्या पोरी. पहिल्या दिवशी मी आत शिरले, तर एक बारीक चणीची मुलगी मला शिक्षिका समजून उठून उभी राहिली. मी जाऊन तिच्याच शेजारी बसले, तेव्हा वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून मी अख्ख्या वर्गाची काकू झाले. ती मुलगी अखंड चिवचिवायची, म्हणून ती चिमणी. पुढे जोड्या पाडल्या तेव्हा तीच माझ्या वाट्याला आली.

आमच्या शिक्षणात सुरुवातीला पेशंट मिळत नाहीत. एकमेकांच्याच डोळ्यांवर शिकायचं. एकमेकींच्या नाकावर ती काचा बदलायची जड फ्रेम चढवायची आणि "ही बरी की ही?" म्हणून डोकं खायचं. सासरच्यांना आपल्याबद्दल जेवढं माहीत नसतं तेवढं जोडीदारणीला आपल्या डोळ्यांबद्दल माहीत असतं. चिमणीच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर मी झोपेत सांगितले असते. तिच्या एका बुबुळावर तपकिरी ठिपका आहे, तो खालच्या बाजूला, नाकाकडे. तिच्या आईलाही तो ठाऊक नसेल.

एक गोष्ट मात्र आमच्या मॅडमनी पुस्तकाबाहेरची शिकवली. "पेशंटच्या डोळ्यात बघता तेव्हा तुमचा चेहरा त्याच्यापासून वीतभर असतो," त्या म्हणाल्या. "तुमची भुवई हलली तरी त्याची झोप उडेल. काय झालंय ते डॉक्टर सांगतील. तुमचा चेहरा भिंतीसारखा पाहिजे." मग त्याचा सराव. एकीने डोळ्यात बघायचं, दुसरीने तिच्या कानात काहीतरी आचरट सांगायचं, आणि बघणारीने हू की चू करायचं नाही. मी दर वेळी फिस्सकन हसून नापास. चिमणीही आधी माझ्यासारखीच होती. पण दुसऱ्या वर्षानंतर तिची भिंत अशी पक्की झाली की मॅडम इतरांना तिचं उदाहरण द्यायला लागल्या. मी कौतुकाने म्हणायचे, "बघा, माझी जोडीदारीण आहे."

त्याच दुसऱ्या वर्षी आम्ही बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्याच्या आतला पडदा बघायला शिकलो. अंधाऱ्या खोलीत मी खुर्चीवर बसले होते, चिमणी माझ्या डोळ्यात उजेड टाकून बघत होती. बघता बघता तिची चिवचिव बंद झाली.

"काय गं, सापडत नाहीये का?" मी विचारलं.

"सापडलाय. थांब जरा." मग तिने हाक मारली, "मॅडम, एक मिनिट येता?"

मॅडमनी बराच वेळ बघितलं. वर बघा, खाली बघा, उजवीकडे, डावीकडे. मग म्हणाल्या, "छान. काकूंचा पडदा चांगला स्पष्ट दिसतोय. सगळ्यांनी ओळीने बघून घ्या."

आणि आमच्या तुकडीतले सगळे एकेक करून माझ्या डोळ्यात डोकावून गेले. मी मान ताठ करून बसले होते. वर्गात वयाने थोराड, गणितात कच्ची, इंग्रजी वाचताना अडखळणारी अशी मी. निदान माझा डोळा तरी वर्गाच्या कामी आला, म्हणून मला अभिमान वाटला होता. हे आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

त्यानंतर वर्ग माझ्यावर फार माया करायला लागला. मी जन्माची धांदरट. अंधाऱ्या खोलीत शिरले की कुठल्या ना कुठल्या स्टुलावर आपटायचे. लहानपणी आई म्हणायचीच, डोळे काय कपाळाला लावलेत का. आता मी यायच्या आधीच सगळी स्टुलं टेबलाखाली सरकवलेली असायची. कुणीतरी कोपर धरायचं, "काकू, इकडून." मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे, परक्याची पोरं, पण किती जीव लावतात बघ.

तेव्हाच कधीतरी चिमणीने माझ्या स्कूटरवर बसणं सोडलं. रोज संध्याकाळी ती माझ्या मागे बसून चौकापर्यंत यायची. तिथून तिला बस, आणि मी लेकीला शिकवणीहून घेऊन घरी. एक दिवस म्हणाली, "वजन वाढलंय गं माझं. चालत जाते."

"फुंकर मारली तर उडशील, आणि म्हणे वजन."

ती हसली. "हळू जा हं काकू," म्हणाली आणि चालायला लागली. मग रोजच ती तसं म्हणायची.

तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांचं संमेलन होतं. प्रत्येक कॉलेजातून एकाने एका पेशंटची हकीकत मांडायची. आमच्याकडून चिमणी. एक मध्यमवयीन स्त्री, अंधारात कमी दिसतं, बाजूची नजर हळूहळू आक्रसत चाललेली, आणि स्वतःला त्याचा पत्ताही नाही. पडद्याच्या कडेला काळे ठिपके पसरलेले. मी तिच्याकडून ते भाषण घोटून घेतलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं मी सांगितलं. भाषणात दाखवायचा त्या बाईच्या पडद्याचा फोटोही मी न्याहाळून बघितला. स्वतःचा चेहरा माणूस रोज आरशात बघतो, पण स्वतःच्या डोळ्याचा पडदा कोण ओळखणार? मला त्या बाईची दया आली.

"त्या बाईला सांगितलंस का गं?" मी चिमणीला विचारलं होतं.

"हो, सांगितलंय," चिमणी म्हणाली. "खूप समजूतदार आहे ती."

चिमणीला पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या वाजवून वाजवून माझे तळवे लाल झाले. मग आम्ही दोघी आइस्क्रीम खायला गेलो, आणि ते मी तिला खिलवलं.

तर आता त्या आजोबांकडे येते. शेवटचं वर्ष, खरे पेशंट, आणि आजोबा नाक फुगवून समोर बसलेले. दुसरा डोळा झाकून पुन्हा केलं, तरी तेच. त्यांचं "दिसलं" आधी, माझं नंतर. मला त्यांचा रागच आला. त्यांची लबाडी पकडावी म्हणून मी म्हटलं, "बरं, आता तुम्ही बोट हलवा. मी सांगते."

"म्हणजे तपासणारी तू की मी?"

"हलवा तर."

आजोबांनी हात लांब केला आणि बोट हलवत आत आणायला लागले. मी त्यांच्या नाकाकडे बघत होते.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आता?"

"नाही."

"बाबा, नीट हलवा ना बोट," सून म्हणाली.

"अगं, हलवतोय की. हिलाच दिसत नाहीये."

ते बोट मला दिसलं तेव्हा आजोबांच्या गालाला टेकायच्या बेतात होतं. दुसऱ्या बाजूनेही तसंच. दुसरा डोळा झाकला, तरी तसंच. आजोबांनी हात खाली घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं स्वच्छ उमटलं होतं. त्यांना कुणी भिंत शिकवली नव्हती.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुझेच डोळे एकदा कुणाला तरी दाखव."

तुम्ही म्हणाल, बाई गं, तू तर हेच शिकत होतीस. होय, शिकत होते. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं जातं. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. हा धडा मला तोंडपाठ होता. परीक्षेत त्यावर प्रश्न आला तेव्हा मला पैकीच्या पैकी गुण पडले होते. बाजूची नजर मोजायच्या यंत्रावर माझा निकाल वाईट आला, तेव्हा चिमणी म्हणाली, "काकू, बटण दाबायचं सोडून झोपा काढतेस तू," आणि मला ते पटलं, कारण शिकाऊ लोकांचे पहिले निकाल वाईटच येतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आजोबांना मी डॉक्टरांकडे पाठवलं आणि शेजारच्या खोलीत गेले. चिमणी एकटीच होती, काचा पुसून पेटीत लावत होती.

"समोर बस," मी म्हटलं. "माझी बाजूची नजर तपास."

"आत्ता? बाहेर केवढी गर्दी आहे काकू."

"बस."

ती बसली. गुडघ्याला गुडघा, जसं इतकी वर्षं बसत आलो तसं. तिने हात लांब केला. मला बोट दिसत नव्हतं, पण तिचा खांदा हलताना कळत होता. बराच वेळ गेला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. जोडीदारणीला आपलं बोट दिसत नाही, हे पहिल्यांदा कळलं असतं तर ती "अगं" तरी म्हणाली असती. भुवई हलली असती, हात थांबला असता. काहीही हललं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"चिमणे."

तिने हात मांडीवर ठेवला. "थेंब घातले त्या दिवसापासून," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, मी ओरडेन. तसं काही झालं नाही.

"मॅडम म्हणाल्या, योग्य वेळी मी सांगते," चिमणी भराभरा बोलायला लागली. "आपण सांगायचं नसतं ना काकू. डॉक्टर सांगतात. नियमच आहे तसा."

"मी तुझी पेशंट होते?"

"तसं नाही. परीक्षा तोंडावर होती. तू किती धडपडून इथवर आलेलीस. कळलं असतं तर सोडून दिलं असतंस तू सगळं. मग तिसरं वर्ष आलं. मग इतके दिवस झाले की आता कुठल्या तोंडाने सांगू, असं व्हायला लागलं. आणि त्यावर औषध तरी कुठे आहे? सांगून काय मिळालं असतं?"

"तुला तर बक्षीस मिळालं."

ती पेटीतल्या काचांकडे बघायला लागली.

"ती मध्यमवयीन बाई मीच ना? खूप समजूतदार असलेली?"

तिने मान हलवली. तरीही चेहरा तसाच, कोरा. मॅडमनी शिकवलेलं तिने फार मनापासून घेतलं होतं. त्या भाषणाबद्दल मला तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, हे मी लपवत नाही. पण तेवढ्यात दुसरं काहीतरी डोक्यात आलं.

"स्कूटरवर बसायचं का सोडलंस?"

चिमणीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. तिची हनुवटी थरथरायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला तिच्या तोंडावर काहीतरी वाचता आलं.

"मला भीती वाटायची," ती म्हणाली.

"तुला भीती वाटायची. आणि चौकातून पुढे माझी लेक मागे बसायची, तिचं काय?"

"मी रोज म्हणायचे ना, हळू जा म्हणून."

"हो. म्हणायचीस."

ती रडायला लागली. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं. कापणारी समोर बसून रडते, हे कुणी सांगितलं नव्हतं. एरवी ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. आता माझा हात उठला नाही. माझ्या डोळ्यांसमोरून संध्याकाळचे रस्ते जात होते: कडेने अचानक पुढ्यात येणारी माणसं, "बाई, बघून चालवा की," म्हणणारा तो सायकलवाला, आणि माझ्या कमरेला मिठी मारून शाळेतल्या गमती सांगणारी माझी लेक. मी त्या सायकलवाल्याशी भांडले होते. तो बाजूने घुसला, असं मला वाटलं होतं.

"लेकीची काळजी करू नकोस," चिमणी नाक पुसत म्हणाली. "तिचे डोळे अगदी स्वच्छ आहेत. मुलांच्या तपासणीच्या दिवशी तू तिला आणलं होतंस ना, तेव्हा मी मुद्दाम आत उजेड टाकून बघितले. मी तुला म्हटलं पण होतं, छान आहेत तिचे डोळे."

म्हटलं होतं. मला आठवत होतं. हा आजार आईकडून लेकीकडे जाऊ शकतो, आणि त्या दिवसातली तेवढी एकच चांगली बातमी होती. कदाचित खरीही असेल. पण ती माझ्या आत शिरेना. छान तर मॅडमही म्हणाल्या होत्या. आधीच्या सगळ्या खोटेपणापेक्षा मला याचा जास्त राग आला. तिने एवढं खोटं बोलून ठेवलं होतं की आता तिचं खरंही माझ्या उपयोगाचं राहिलं नव्हतं.

मॅडमकडे गेले. त्या माझ्याहून वयाने थोड्या लहानच. वर्गाला अरे-तुरे करतात, मला मात्र तुम्ही म्हणतात. मी सांगितलं तसं त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चिमणीने तुम्हाला केव्हाच सांगितलं असेल, असं मी धरून चालले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढ्या जवळच्या."

"ती म्हणते, तुम्ही सांगणार होतात."

"सुरुवातीला तसंच ठरलं होतं. मग परीक्षा आली. मी तुमच्या भल्याचाच विचार केला. हे बघा, तुमची समोरची नजर अजून पुष्कळ वर्षं टिकेल. नंबर काढायचं काम तुम्ही आरामात कराल."

"काय करायचं ते मी ठरवायचं होतं मॅडम. डोळे माझे होते."

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. शिकवणारीच त्या, त्यांचा कसा हलेल?

म्हणजे मॅडमना वाटलं चिमणीने सांगितलं, चिमणीला वाटलं मॅडम सांगतील. त्या दोघींच्या मधल्या जागेत मी पोरीला मागे बसवून स्कूटर चालवत होते.

त्या दिवशी स्कूटर कॉलेजातच ठेवली आणि चालत लेकीला आणायला गेले. "गाडी बंद पडली का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही, मला दिसतं कमी, म्हणून." ती "हं?" म्हणाली आणि माझा हात धरून चालायला लागली. घरी सगळं नवऱ्याला सांगितलं, लेकीच्या समोरच. मी टेबलावर ठेवलेली स्कूटरची किल्ली त्याने उचलून स्वतःच्या खिशात टाकली. लेकीने मात्र लगेच विचारलं, "मला पण होईल का ते?"

"उद्या बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कॉलेजात गेले. दारात चिमणी उभी होती, रात्रभर झोप न झाल्यासारखी. "मी थेंब घालू का?" तिने विचारलं.

"नको."

"मॅडमना बोलावू?"

"कुणालाच नको. बाहेर थांब."

लेक मोठ्या खुर्चीत बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

"झोंबतं का?" तिने विचारलं.

"थोडं झोंबतं. आणि मग संध्याकाळपर्यंत जवळचं धूसर दिसतं."

"मग अभ्यासाला सुट्टी?"

"सुट्टी."

"मग घाल."

बाहुल्या मोठ्या झाल्यावर मी दिवा मालवला. वर बघ म्हटलं, खाली बघ, दारापलीकडे कोण आहे तिकडे बघ, खिडकीकडे बघ. मी सावकाश बघत गेले. मधला गोल गुलाबी होता. रक्तवाहिन्या भरलेल्या होत्या. मग कडा. कडेला जायला माझा हात तयार होईना. घट्ट धरलेलं यंत्र घामाने सरकत होतं. गेले. एका बाजूच्या कडा बघितल्या, दुसऱ्या बाजूच्या बघितल्या, मग माझा विश्वास बसेना म्हणून पहिल्यापासून पुन्हा बघितल्या. दुसरा डोळाही तसाच दोनदा.

"आई, काय दिसतंय?" लेकीने अंधारात विचारलं.

"थांब."

"वाईट आहे का?"

"नाही. स्वच्छ आहेत. छान आहेत तुझे डोळे," मी म्हणाले, आणि माझ्याच कानांना तो आवाज चिमणीचा वाटला.

लेक म्हणाली, "खरंच? का उगीच?"

मी उठले. हाताने भिंत चाचपत बटणापर्यंत गेले आणि दिवा लावला. उजेड तिला सहन होईना, तिने डोळे मिचकावले. मी स्टूल ओढून तिच्यापुढे बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

"माझ्याकडे बघ," मी म्हटलं. "मला जे आहे ते तुझ्या डोळ्यांत आज नाही. पुढे कधी होणार नाही, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. दर वर्षी बघायचं. जे दिसेल ते त्याच दिवशी तुला सांगेन, चांगलं असो की वाईट."

ती टक लावून बघत होती, कपाळाला आठ्या घालून.

"आई, तुझं तोंडच नीट दिसत नाहीये मला. सगळं पुसट आहे."

थेंबांनी जवळचं धूसर होतं, ते मीच तिला सांगितलं होतं. मी स्टूल मागे सरकवलं.

"आता?"

"अजून थोडं."

मी आणखी मागे सरकले, जवळजवळ दारापर्यंत.

"आता नीट आहे," लेक म्हणाली.

मग मी ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.